बिनतोंडाच्या भावल्या

द्वारकामावशीला सुई कशी धरायची ते मी शिकवलं.

हसा, खुशाल हसा. पेणच्या मूर्तिकाराला सोंड कुठे लावायची ते सांगण्यातला हा प्रकार. पण तो मी केलेला आहे, चांगला अर्धा तास केलेला आहे, आणि तोही फळ्यावर आकृती काढून. मावशीने तो सगळा वेळ मान डोलावली आणि शेवटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी आपली उगाच आजपावेतो शिवत बसलेली."

त्यातली मेख मला कळायला आठ महिने लागले.

तेव्हाच्या त्या वासंतीची, म्हणजे माझीच, ओळख करून दिल्याशिवाय मावशी नीट कळायची नाही, म्हणून चार ओळी तिच्यावर खर्च करते. वय बावीस. पेणची मुलगी, रोह्याच्या मुलींच्या शाळेत हस्तकलेची शिक्षिका म्हणून नुकतीच लागलेली. तेव्हा रेल्वे रोह्यापर्यंत आलेली नव्हती, त्यामुळे शनिवारी एस.टी.ने पेणला आणि सोमवारी पहाटे परत. बाकीचे दिवस शाळेजवळ भाड्याच्या खोलीत. खोलीत एक ट्रंक, ट्रंकेत कपड्यांच्या वर हस्तकला पदविकेचं प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र. ट्रंक उघडली की पहिल्यांदा ते दिसावं म्हणून. कोणाला दिसावं? खोलीत मी एकटीच तर होते. मुलींनी घाबरावं म्हणून तिने चष्मा घेतला होता, ज्याला नंबर नव्हता. उंच दिसावं म्हणून टाचेच्या चपला घेतल्या होत्या, ज्या रोह्याच्या चिखलात रुतायच्या आणि बाई पुढे, चपला मागे असा प्रकार व्हायचा. आणि मान अशी ताठ, की वरच्या मजल्यावरून कोणी हाक मारली तरी वर बघायचे कष्ट पडू नयेत.

एवढा ताठा, पण नोकरी मात्र तात्पुरती. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, "वर्षअखेरीला पेणला हस्तकलेचं प्रदर्शन असतं. आपल्या शाळेचं काम तिथे उठून दिसलं, तर तुम्हाला कायम करा म्हणून मी लिहीन. नाही दिसलं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर तुमचीही सुट्टी." आणि घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या सुट्टीची सोय आधीच करून ठेवलेली. नोकरी पक्की झाली नाही, तर मे महिन्यात नागोठण्याच्या गिरणीवाल्या स्थळाला होकार. मुलगा वाईट नव्हता हो. पण प्रत्येक वाक्याआधी तीनदा खाकरायचा, आणि एवढं खाकरून बोलायचा ते गव्हाबद्दल.

तर ही वासंती. आता मावशीकडे येते.

द्वारकामावशी आमच्या शाळेची मावशी. घंटा तिची, माठ तिचे, केर तिचा. पन्नाशीची, ठेंगणी, सावळी, नऊवारीचा काष्टा कसून मारलेला. माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, सासर पेणचं. नवरा गेला, पुढे मुलाला धाटावच्या कंपनीत शिफ्टची नोकरी लागली, तेव्हा त्याच्याबरोबर ती वरसे गावात राहायला आली आणि आमच्या शाळेला चिकटली. तिच्या कमरेला ओचा होता आणि त्या ओच्यात काय नव्हतं? बाटलीची बुचं, फुटक्या बांगड्या, सुंभाची गुंडी, वाळक्या घोसाळ्याची जाळी, माशाच्या जाळ्याचा तुकडा, चोखून वाळवलेली आंब्याची बाठ. ती चालली की खुळखुळायची. वर्गातल्या मुलींना ती यायच्या आधीच कळायचं आणि त्या गप्प बसायच्या. माझ्या चष्म्याने जे साधलं नाही ते तिच्या ओच्याने साधायचं.

"मावशी, हा कचरा कशाला गोळा करता?" असं मी एकदा नाक वर करून विचारलं.

"कचरा कोनता गो बाई? लोकांकडं ठेवाया जागा नसते, म्हनून टाकतात. माज्याकडं जागा हाय."

आमच्या अभ्यासक्रमात बाळाचा लोकरी स्वेटर होता. रोह्यात. जिथे बाळं जन्मतात तीच घामोळं घेऊन. पण पुस्तकात स्वेटर होता म्हणजे होता, आणि आठवीच्या सतरा मुली घामाने चिकट झालेल्या सुयांवर तो विणत होत्या. उरलेले लोकरीचे तुकडे टोपलीत टाकायचे असा माझा नियम. ती टोपली रोज संध्याकाळी रिकामी व्हायला लागली, तेव्हा माझ्यातला पोलीस जागा झाला. रोह्यात लोकरीचा काळाबाजार चालतो अशी माझी खात्री पटली. मोठ्या बाईंकडे मी तशी लेखी तक्रारसुद्धा केली. त्यांनी ती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला.

मग मीच पाळत ठेवली. मधल्या सुट्टीत मावशी जुन्या बाकांच्या खोलीत शिरली, मी मागोमाग. ती एका मोडक्या बाकावर बसलेली, समोर पोह्यांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात माणसं.

वीतभर उंचीच्या भावल्या. बायकाच सगळ्या. मोडक्या छत्रीची काडी हा कणा, आणि रोह्याच्या पावसाळ्यात छत्र्यांना तोटा नसतो. काडीवर सुंभ, सुंभावर लोकर गुंडाळत गुंडाळत अंग भरलेलं. सुपारीचं डोकं. एकीचा पदर माशाच्या जाळ्याचा, एकीच्या हातात बुचाची टोपली. एका म्हातारीचं डोकं मात्र सुपारीचं नाही, बाठीचं होतं. बाठीच्या तंतूंचे पिंजारलेले पांढुरके केस. आणि तोंड एकीलाही नाही. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. नुसती गुळगुळीत लोकर.

त्यातली एक मी उचलली. काळ्या-करड्या लोकरीची साडी, डावा खांदा उतरलेला. वर्षानुवर्षं जड पिशवी त्याच खांद्याला लावून उतरतो तसा. माझ्या तोंडून गेलं, "अय्या, मोठ्या बाई!"

मावशीने हातातल्या काडीला लोकरीचा आणखी एक वेढा दिला.

"पण हिचं तोंड कुठाय?"

"तोंड सगल्यांनाच असतं, बाई."

"म्हणून काय बाहुलीला नको?"

"तुमी वलखलीत ना?"

"हो."

"मंग झालं."

आता शहाण्या मुलीने इथे गप्प बसून खाली मांडी घालावी की नाही? वासंतीने फळा पुसला आणि सुई कशी धरायची ते शिकवलं. त्यानंतर "भावली नाही, बाहुली म्हणायचं" हे शिकवलं. त्यानंतर पदविकेच्या वहीतला नमुना क्रमांक चार शिकवला: कापूस भरलेली गोल बाहुली, पिवळे केस, निळ्या बटणांचे डोळे, लाल धाग्याचं हसू आणि झालरीचा फ्रॉक. मावशीने दोन दिवसांत ती बिनचूक करून आणली. टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत उभी राहिली.

"छान झालीय," मी म्हटलं.

"व्हय. पन ही कोन?"

"कोणी नाही. बाहुली आहे."

"कुनाची कोनच नाय, तर घरात कशाला घ्यायची?" असं म्हणून तिने ती मला देऊन टाकली. ती बाहुली पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे होती, आणि खरं सांगते, ती कोण ते मलाही कळलं नाही.

मावशीची ही नजर कुठून आली ते हळूहळू समजलं. सासरी, पेणला, लग्न झाल्यापासून ती गणपतीच्या कारखान्यात जायची. तिथे तिचं काम एकच. मूर्ती वाळली की पाठ घासून गुळगुळीत करायची. पुढचा भाग पुरुषांकडे, दागिने सुनांकडे, आणि डोळे, म्हणजे आखणी, फक्त मालकाकडे. पाठ द्वारकाकडे. आणि आपल्याकडे तर म्हणतात की गणपतीच्या पाठीत दारिद्र्य असतं, पाठीचं दर्शन घेऊ नये.

"लोक एक डाव चुकून बघतात तर कान पकडतात," मावशी सांगायची. "मी वीस वर्सं रोज बघितली. दिवसाला धा-धा दारिद्र्यं घासली. तरी भाकरी मिलतेच हाय. गनपतीलाबी वाटत असंल, कुनीतरी पाठीवरनं हात फिरवते."

तोंड न करण्याचं कारणही त्यातच होतं, आणि ते मी समजत होते तसं काही थोर वगैरे नव्हतं. साधी कारखान्याची रीत होती. जिच्याकडे पाठ, तिने डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळे दिले की मूर्ती पुरी झाली. त्यानंतर तिच्यावर कोणी पटाशी चालवत नाही, पॉलिश पेपर फिरवत नाही. मावशीच्या भावल्या पुऱ्या व्हायच्याच नाहीत. मोठ्या बाईंचा खांदा दरवर्षी थोडा आणखी उतरायचा, तशी ती काडी थोडी आणखी वाकवायची. बाजारातली सुकटवाली बाळंत झाली की तिच्या कमरेवर दोन वेढे वाढायचे. कोणी आजारातून उठलं की लोकर उसवून बारीक व्हायचं. डब्यातली माणसं गावातल्या माणसांबरोबर वयात येत होती, म्हातारी होत होती.

तिच्या या पाठवेडाचा एक नमुना सांगते. गणपतीच्या सुट्टीत आम्ही दोघी रोहा-पेण एस.टी.त एकत्र निघालो. पुढच्या बाकावर एक बाई बसलेली, केसांत अबोली, आमच्याकडे पाठ. मावशीने नागोठण्यापर्यंत त्या पाठीचा अभ्यास केला. मग एकदम पुढे वाकून तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"अगो, तू कमळीची पोर काय गो?"

बाई दचकून वळली. "व्हय! तुमी कोन? मी तुमाला कवा बघितलंच नाय."

"मीबी तुला नाय बघितलं. तुज्या आयशीची पाठ हाय ही. कारखान्यात माज्या बाजूला बसायची. उजवीकडं अशी कलती बसतेस ना? खाडीपल्याडनं पानी भरून भरून झालंय ते तिला. तू कुठं पानी भरलंस? तू नुस्तं घेतलंस."

ती बाई आधी हसली आणि मग रडायलाच लागली. कमळी दोन वर्षांपूर्वी वारली होती. कंडक्टरने येऊन विचारलं, "काय झालं?" मावशी म्हणाली, "काय नाय रे, आई भेटली तिला." आणि वासंती? वासंती खिडकीबाहेर बघत होती, कारण शिक्षिका असून आपण असल्या घोळक्यात आहोत हे कोणी ओळखीच्या माणसाने पाहू नये अशी तिची इच्छा होती.

एक गोष्ट मात्र मला आवडायची. मावशी मला फार मान देते असं मला वाटे. "बाई, तेवढा खडू आना." "बाई, जरा दाराशी कोन हाय बघा." "बाई, ती खिडकी लावता?" इतरांची कामं ती स्वतः करायची, पण मला दिवसातून चार वेळा कुठे ना कुठे पाठवायची. हिला माझ्याशिवाय करमत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि ताठ मानेने खडू आणत राहिले.

असे दिवस जात जात प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं. सतरा मुलींचे सतरा स्वेटर तयार होते. एकाची बाही लांब, एकाला गळाच नाही, पण तयार होते. ते उठून दिसावेत म्हणून त्या प्रथम श्रेणीच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मी ते धुतले आणि त्यांना भाताच्या पेजेची खळ दिली. लोकरीला खळ! आणि पुरते वाळायच्या आत घड्या घालून ट्रंकेत भरले, प्रमाणपत्राच्या खाली. रोजचे कपडे दोरीवर टांगले आणि ट्रंकेला कुलूप लावलं. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ट्रंक उघडली तेव्हा वरचे स्वेटर हिरवे झाले होते, आणि खालच्यांवर झुरळांनी पंगत उठवली होती. प्रमाणपत्राचा एक कोपराही खाल्ला होता. श्रेणीचाच नेमका.

मी तिथेच जमिनीवर बसले. कानात गिरणीचा आवाज येऊ लागला. आणि तीनदा खाकरणं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाकांच्या खोलीत गेले. चष्मा काढून ठेवला होता, कारण रडून त्यावर डाग पडत होते. मावशीला सगळं सांगितलं: खळ, झुरळं, मोठ्या बाई, गिरणी. ती ऐकत होती आणि एका भावलीच्या पायाला लोकर गुंडाळत होती. माझं झाल्यावर तिने डबा माझ्याकडे सरकवला.

"ह्या ने."

"पण मावशी, प्रदर्शन मुलींच्या कामाचं असतं."

"मंग पोरींच्या म्हनून ने. टोपलीत लोकर कुनाची? पोरींचीच."

"आणि तुमचं नाव?"

"माजं नाव रोज घंटेवर वाजते. ने गो."

त्या दिवशी ती मला पहिल्यांदा अहो-जाहो विसरून बोलली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही, एवढी मी डबा उचलून पळाले.

पुढचं सांगताना अजून कान गरम होतात. पेणला घरी रविवारी मी डबा उघडला, सगळ्या भावल्या अंगणात ओळीने मांडल्या आणि माझ्या मनात आलं, काम बरं आहे, पण अपुरं आहे. परीक्षक तोंडं शोधतील. मग मी निळ्या बटणांची पाकिटं आणली आणि बावीसच्या बावीस भावल्यांना डोळे शिवले. लाल धाग्याने हसू शिवलं. नमुना क्रमांक चार. संध्याकाळपर्यंत बावीस बायका एकाच वेळी एकाच विनोदाला हसल्यासारख्या दिसू लागल्या, बाठीच्या डोक्याची म्हातारीसुद्धा. त्यांच्यात एक भावली मला विशेष करमणुकीची वाटली. काडीसारखी सडपातळ, टाचांखाली बुचाचे तुकडे, डोक्यावर मोठा अंबाडा आणि मान अशी ताठ, की जणू गिळलेली छत्रीची काडी अजून उतरायची आहे. कोण बाई ही गर्विष्ठ, असं म्हणून मी हसले आणि तिला सगळ्यांत रुंद हसू शिवलं.

हो. तुम्हाला कळलं. मला नाही कळलं.

प्रदर्शनाला मावशी सामान उचलायला आणि पाणी द्यायला आमच्याबरोबर आली. मी टेबलावर भावल्या मांडल्या, पुठ्ठ्याची पाटी लावली: "इयत्ता आठवी, मुलींचे सामूहिक काम. मार्गदर्शन: कुमारी वासंती." मावशी माठ ठेवून टेबलाजवळ आली. तिने भावल्या बघितल्या. एकेकीवरून तिची नजर गेली, पार शेवटपर्यंत. मला वाटलं, आता म्हणेल, छान झालं.

"पुऱ्या करून टाकल्यास गो सगल्या," ती म्हणाली. बस्स. आवाज चढला नाही. घरात कोणी गेलं की बायका ज्या आवाजात चूल विझवा म्हणतात, त्या आवाजात म्हणाली.

मग ती पुढे झाली आणि तिने एकेक भावली उचलून उलटी ठेवली. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. मी कुजबुजत ओरडले, "मावशी, परीक्षक येतायत! अहो, हे काय?" तिने बाविसावी फिरवली, पदराला हात पुसले आणि माठाजवळ जाऊन बसली.

मला परत फिरवायला वेळच मिळाला नाही. रोह्याच्या मुली आणि त्यांच्या आया टेबलाभोवती जमल्या, आणि कालवा उठला.

"अगो, ही आपली सुकटवाली!"

"आनी ही मोठ्या बाई! बघ, खांदा बघ!"

"ही कोन गो, मान बघ हिची... अय्या!" आणि एकदम सगळ्या मुली माझ्याकडे बघून तोंडात पदर, रुमाल, जे मिळेल ते कोंबू लागल्या. मी भावलीकडे बघितलं. भावली भिंतीकडे बघत होती. खडू आणायला निघालेली, मावशीने रोज मागून पाहिलेली. तेव्हा, तिथे, जिल्हाभरच्या शाळांसमोर, मला माझी ओळख झाली.

परीक्षकांत एक वयस्क मूर्तिकार होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी वाकून एका भावलीच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग दुसरीच्या. "ही कारखान्यातली पाठ आहे," ते म्हणाले. "आठवीच्या मुलींचा हात नाही हा. कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. मला आठवतं, खरं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं. पण त्यातून बाहेर पडलं ते, "मु... मुलींनी." गिरणी जवळच होती हो, पेणपासून बसने थोडकं अंतर.

तात्यांनी मान वळवून माठाकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही पूर्वी कारखान्यात होतात ना?"

"मी नाय," मावशी म्हणाली. "मी पानी द्यायला आलेय." आणि तिने त्यांना पेला दिला.

तात्यांनी पाणी प्यायलं, पेला परत केला आणि दोघांनी एकमेकांकडे, जुने लोक जुनी खूण ओळखतात, तसं पाहिलं. आम्हाला पहिला क्रमांक मिळाला. सतरा मुलींना सतरा प्रशस्तिपत्रं मिळाली. जूनमध्ये मी कायम झाले. गिरणीवाल्याने मे महिन्यात दुसरीकडे लग्न केलं आणि ऐकते, सुखात खाकरतोय.

रोह्याला परतल्यावर मावशीने मला बाकांच्या खोलीत बोलावलं आणि डबा पुढ्यात ठेवला. "आता डोले काढून दे. सुतानं शिवलेले हायत, रंगाचे नाय. उसवतील." मी आठवडाभर मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून बावीस जोड्या डोळे उसवले. घाईने उसवलं की लोकर ओढली जायची. मग ती नुसती "हं" म्हणायची आणि मी परत सावकाश. माझी भावली शेवटी आली. तिचं ते रुंद हसू काढताना मला स्वतःचंच हसू आवरेना आणि मावशीही हसली. तिने भावली हातात घेतली, मानेजवळची काडी अंगठ्याने किंचित वाकवली.

"आता बरी दिसतेस," म्हणाली.

मोठ्या बाईंचे कायम केल्याच्या आदेशाबद्दल आभार मानायला गेले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझा खांदा मला ओळखता येतो, वासंतीबाई. तो मुलींनी केलेला नाही, एवढंही कळतं. द्वारका म्हणाली, ठेवा तिला, उसवायला बसते. म्हणून ठेवलं." सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. खोटं बोलत होते ती मी एकटीच, तेही फक्त स्वतःशीच.

ते मला सलत राहिलं. मावशीकडून मी काडी निवडायला शिकले, बाठ वाळवायला शिकले, माझ्या वर्गातला स्वेटर बंद झाला आणि भावल्या सुरू झाल्या. लोक माझं कौतुक करू लागले, आणि प्रत्येक कौतुकाला तो सल वाढायचा. म्हणून काही वर्षांनी मावशी निवृत्त झाली त्या दिवशी मी ठरवलं, आज बोलायचं. शाळेच्या अंगणात समारंभ. मावशी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षकांच्या खुर्चीत, पाय जमिनीला न टेकलेले. शाळेने तिला श्रीफळ दिलं आणि तपकिरी लोकरीची शाल. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खळ, झुरळं, डोळे, तात्या. मध्ये एकदा मुद्दाम थांबले. टाळ्यांच्या तयारीने बसलेला समुदाय कोड्यात पडला. मला अगदी हलकं हलकं, पुण्यवान वाटत होतं.

मग मोठ्या बाईंनी मावशीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती खुर्चीतून उतरली.

"वासंतीबाईंनी सांगितलं ते खरं नाय," ती म्हणाली. "भावल्या पोरींनी केल्या. मी पानी द्यायची." आणि परत खुर्चीत चढून बसली.

काय टाळ्या पडल्या! लोक म्हणाले, केवढा हा नम्रपणा. आणि माझ्याबद्दल म्हणाले, बाई भावनेच्या भरात काहीही बोलतात. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर त्यातही खोटी ठरले.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला फाटकाशी गाठलं. तिच्या मुलाने कंपनीतल्या मित्राचा टेम्पो आणला होता. मावशी थोडे दिवस लेकीकडे, जिते गावाला, राहायला निघाली होती. मी चिडलेच होते.

"मावशी, मला खोटं का पाडलंत? मला एकदा खरं सांगून मोकळं व्हायचं होतं."

"तुला व्हायचं व्हतं," मावशी म्हणाली. "आनी त्या सतरा जनी? कुनाच्या भिंतीवर त्यो कागद लटकतोय. कुनी त्याच्यावर शिक्षिकेच्या कालेजात जागा मिलवली. पाटलांच्या सुमनची सासू येनाऱ्या-जानाऱ्याला त्यो दावते, सून हुशार हाय म्हनून. तू मोकळी झालीस तर त्या कुठं जातील गो?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या सलात, त्या सतरा मुली माझ्या डोक्यात एकदाही आल्या नव्हत्या. चुकीत मी मधोमध, आणि कबुलीतही मीच मधोमध.

"पन बोललीस चांगली," ती म्हणाली, जशी एखाद्या पोरीच्या वाकड्या टाक्याचीही लाज राखावी. "मध्ये थांबलीस ते लय लांबलं."

मुलाने टेम्पो चालू केला. ती पुढे त्याच्या शेजारी बसली, मांडीवर पोह्यांचा डबा आणि श्रीफळ, अंगावर शाळेची शाल. मी खिडकीशी उभी होते. तिने शालीचं टोक उचललं, नखाने एक धागा सोडवला, ओढून बघितला, पुन्हा ओढला.

"चांगली लोकर दिलीत," ती म्हणाली. "तुटत नाय."

टेम्पो फाटकातून बाहेर पडला. रस्त्याला लागेपर्यंत मला खिडकीतून दिसत होतं, श्रीफळावरचं कुंकू अजून ओलं आणि ती खाली मान घालून, बोटाभोवती वेढे देत, आपली शाल उसवत चालली होती.